प्रवाळभित्तीच्या भेटीला

केरळच्या किनाऱ्यापासून पश्चिमेस अरबी समुद्रात लक्षद्वीपची बेटे आहेत. या सर्व बेटांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर भरते. परंतु त्यांनी कवेत घेतलेल्या उथळ पाण्याचा विस्तार सुमारे ४,२०० चौरस किलोमीटर आहे. समुद्राच्या लाटा बाहेरच्या प्रवाळभित्तीवर फुटतात आणि आत निवळ, संथ पाणी राहते. त्यास खारकच्छ म्हणतात. कंबरेइतक्या पाण्यातही येथे प्रवाळ दिसू शकतात. म्हणूनच मुलाबाळांसह आलेल्या कुटुंबास प्रवाळांची पहिली ओळख करून घेण्यास ही जागा सोयीची आहे.

दिसावयास दगडासारखा असला, तरी प्रवाळ हा प्राणी होय. काही मिलिमीटर आकाराचे असंख्य जीव एकमेकांस चिकटून वसाहत करतात आणि समुद्रजलातील चुन्यापासून आपल्या तळाशी सांगाडा रचतात. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवले राहतात. ती सूर्यप्रकाशात अन्न तयार करून त्यातील मोठा वाटा प्रवाळास देतात. प्रकाशाच्या या गरजेमुळेच भित्ती उथळ पाण्यात वाढते आणि माणसाच्या पायांखालीही सापडते. घुमटाकार प्रवाळ वर्षाला साधारणतः एकच सेंटिमीटर वाढतो. मीटरभर उंचीच्या ज्या घुमटावर एखादे मूल दमून उभे राहील, तो त्याच्या आजोबांहूनही वयस्कर असू शकतो.

यावरून सहलीचा पहिला नियम निघतो: प्रवाळांकडे जाण्यापूर्वी तरंगण्यास शिकावे. हा सराव किनाऱ्यालगत वाळूच्या तळावर करावा. जलचष्मा पट्टा न लावता चेहऱ्यावर टेकवावा व नाकाने श्वास आत ओढावा. तो चिकटून राहिला, तर बरोबर बसतो असे समजावे. तोंडात धरावयाची श्वासनळी, म्हणजेच स्नॉर्केल, मुलांसाठी आखूड व अरुंद हवी. नळी लांब किंवा रुंद असल्यास उच्छ्वासाची हवा तीतच साचून पुन्हा आत घेतली जाते. मुलांनी व पोहता न येणाऱ्यांनी तरंगजाकीट घालावे. प्रत्येक मुलाबरोबर एक मोठे माणूस हाताच्या अंतरावर असावे. पाण्यात उतरणे ज्यांना जमणार नाही, त्यांनी काचेच्या तळाच्या नावेतून प्रवाळ पाहावेत.

पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. तेव्हा सहल ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंत करावी. बाहेरून येणाऱ्यांना प्रवेशपरवाना काढावा लागतो. ओहोटीच्या वेळी भित्तीतील खिंडीतून पाणी वेगाने बाहेर वाहते, म्हणून तिच्या जवळ जाऊ नये. उन्हाने पाठ भाजू नये यासाठी लांब बाह्यांचा सदरा घालणे उत्तम. त्वचेला लावावयाच्या काही मलमांतील द्रव्ये प्रवाळांना अपायकारक असतात.

पाण्यात हात जवळ व पाय आडवे ठेवून स्वस्थ राहणाऱ्यास अधिक दिसते. मासे लवकरच त्याची दखल घेईनासे होतात. चोचीसारख्या दातांनी खडक खरवडणाऱ्या पोपटमाशाचा आवाजही कानी येतो. त्याने गिळलेला चुना शेवटी वाळू होऊन बाहेर पडतो. किनाऱ्यावरील पांढऱ्या वाळूचा काही भाग असाच बनलेला असतो. मात्र कशासही हात लावू नये. सागरी अर्चिनचे काटे पायात मोडतात, दगडमासा विषारी असतो आणि सुंदर शंकूच्या आकाराच्या शंखातील गोगलगायीचा दंश प्राणघातक ठरू शकतो. शिवाय १९७२ च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यानुसार भित्ती बांधणाऱ्या प्रवाळांना पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. आठवण म्हणूनही त्यांचा तुकडा उचलू नये.

या काळजीस आज अधिक महत्त्व आले आहे. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा अंशभर जरी अनेक आठवडे तापले, तरी प्रवाळ आपल्यातील शैवले बाहेर टाकतात व पांढरे पडतात; पाणी लवकर निवले नाही, तर ते मरतात. लक्षद्वीपात १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ या वर्षी असे घडले. ही उष्णता थोपवणे एका कुटुंबाच्या हातचे नाही. परंतु मेलेल्या सांगाड्यांवर प्रवाळांची नवी पिल्ले येऊन रुजतात, ती नखाएवढी असतात आणि वरून पोहणाऱ्यास सहसा दिसतही नाहीत. भित्ती पुन्हा उभी राहणे त्यांच्यावर अवलंबून असते, आणि पायाचा एक फटकारा त्यांना पुरेसा होतो.