कारंजाच्या रोहूचे मूत्रपिंड

बिदर जिल्ह्यातील भालकी तालुक्यात कारंजा नदीस बांध घालून जो विस्तीर्ण जलाशय निर्माण केला आहे, त्यातील रोहू साफ करताना कण्यालगतची जी काळसर तांबडी पट्टी साकळलेले रक्त समजून अंगठ्याने खरवडून टाकली जाते, ते त्या माशाचे मूत्रपिंड होय.

या पट्टीला हयातभर उसंत नसते. माशाचे रक्त समुद्राच्या सुमारे एक तृतीयांश खारट आणि कारंजाचे पाणी त्यामानाने अगदीच अळणी. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाणी अहोरात्र देहात झिरपते. ते उपसण्यासाठी मूत्रपिंडातील केशवाहिन्यांचे गुच्छ रक्त गाळतात, पुढील नलिका गाळलेल्या द्रवातून मीठ कणाकणाने वसूल करतात, आणि उरलेले पांचट मूत्र बाहेर पडते. गोल्डफिशमध्ये दिवसाचे मूत्र देहभाराच्या तृतीयांशापर्यंत भरते.

समुद्रात सारा बंदोबस्त उलटा. तेथे देहातील पाणीच बाहेर ओढले जाते, म्हणून मासा समुद्र पितो, हे होमर स्मिथ यांनी १९३० साली दाखवले. आणि जादा मीठ कल्ले बाहेर टाकतात, हे अँसेल कीझ यांनी पुढच्याच वर्षी. रक्ताहून खारट मूत्र करण्याची कुवत माशाच्या मूत्रपिंडात मुळातच नाही. त्याच्याकडे उरते ती मॅग्नेशियम व सल्फेट यांची विल्हेवाट, तीही थोडक्या मूत्रानिशी. काही सागरी माशांनी तर गाळणारे गुच्छच बरखास्त केले आहेत. खाऱ्या पाण्यातील खरी कामगिरी कल्ल्यांची. तिचे श्रेय मूत्रपिंडास देणे अन्यायाचे होईल.

हे दोन्ही कारभार एकाच देहात चालवणारा मासा बिदरच्या पाण्याच्या वाटेवरच भेटतो. कारंजा मांजरेला आणि मांजरा कंदकुर्तीस गोदावरीला मिळते. त्याच गोदावरीत पावसाळ्यात बंगालच्या उपसागरातून पुलस हा मासा अंडी घालण्यास चढतो. अशा स्थित्यंतरात माशांच्या देहात गोड्या पाण्यासाठी प्रोलॅक्टिन, खाऱ्यासाठी कॉर्टिसोल या संप्रेरकांचा अंमल चालतो. आर्थर कॉटन यांनी १८५२ साली पुरा केलेला धवळेश्वरमचा बंधारा वाटेत आडवा आला नसता, तर पुलस किती वर चढला असता कोण जाणे!

रोहूला समुद्र मानवत नाही. तरी मत्स्यबीज दूर नेताना पाण्यात किंचित मीठ घालण्याचा जो प्रघात आहे, त्याने रक्त व पाणी यांतील तफावत घटते आणि घाबरलेल्या पिलाच्या देहातून मीठ निसटणे काहीसे आवरते.