नाशिकला पोराचा नंबर लागला, पण खोलीचं भाडं कुठून? आधी या योजना बघा

बारावीचा निकाल लागला, नाशिकच्या कॉलेजात नंबरही लागला. घरात पेढे वाटले. पण पेठ, सुरगाणा, त्र्यंबकेश्वर, कळवणकडच्या घरांत खरी चिंता त्यानंतर सुरू होते. फी कशीबशी भागते, खोली आणि मेसचं काय? उसनवारीवर चार महिने निघतात, मग दिवाळीला घरी आलेलं पोरगं परत जातच नाही. अशा वेळी कोणती मदत मिळते आणि ती कुठे मागायची, ते समजून घेऊ.

वसतिगृह मिळालं नाही तर

आदिवासी विकास, समाजकल्याण आणि इतर मागास बहुजन कल्याण या विभागांची सरकारी वसतिगृहं आहेत. पहिला अर्ज तिथेच करा. जागा संपल्या म्हणून परत फिरू नका. प्रवेश न मिळालेल्यांना जेवण आणि खोलीसाठी थेट बँक खात्यात पैसे मिळतात.

- अनुसूचित जमाती : पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजना
- अनुसूचित जाती : डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना
- ओबीसी, भटके-विमुक्त, विशेष मागास : ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना

मुंबई-पुण्यासाठी ही रक्कम वर्षाला ६० हजार आहे, तर नाशिक शहरासाठी ५१ हजार. त्यात जेवणाचे २८ हजार, खोलीचे १५ हजार आणि निर्वाहभत्ता ८ हजार असा हिशोब आहे. उत्पन्न, गुण आणि हजेरीच्या अटी आहेत. ज्याचं घर नाशिक शहरातच आहे, त्याला लाभ नाही.

एक लक्षात ठेवा, पैसे एकरकमी येत नाहीत, हप्त्याने येतात. म्हणून सुरुवातीच्या दोन-तीन महिन्यांची सोय घरून करून ठेवा.

मुलींच्या फीचं काय?

८ जुलै २०२४ च्या शासन निर्णयानुसार व्यावसायिक अभ्यासक्रमाला कॅप राउंडमधून प्रवेश घेतलेल्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क शंभर टक्के माफ आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं. मॅनेजमेंट कोट्याला ही माफी नाही. इतर फी किती भरावी लागेल, ते प्रवेशाआधीच विचारा.

कॉलेजातच काम

नाशिकची बहुतेक कला, वाणिज्य, विज्ञान महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत. विद्यापीठाची 'कमवा आणि शिका' योजना आहे. ग्रंथालय, ऑफिस, बाग अशा ठिकाणी रोज थोडे तास काम करायचं आणि तासाप्रमाणे मानधन घ्यायचं. कॉलेजातल्या विद्यार्थी विकास अधिकाऱ्यांना भेटा. यात कमीपणा काही नाही, कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयतची पोरं अशीच शिकवली.

मन लागत नसेल तर

नवीन शहर, वर्गात ओळखीचं कोणी नाही, बोली वेगळी म्हणून पोरं गप्प बसतात. एनएसएसमध्ये नाव घातलं तर वर्षाला १२० तास काम आणि सात दिवसांचं गावातलं शिबिर असतं. तिथे मित्र जुळतात. फारच अस्वस्थ वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर मोफत आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं.

शहरात राहणं जमतच नसेल, तर शिक्षण सोडू नका. १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून घरचं काम सांभाळून पदवी घेता येते.

आजच करायची कामं

१. उत्पन्न, जात आणि रहिवासी दाखला सेतू केंद्रातून काढून ठेवा. व्यावसायिक कोर्स असेल तर जात वैधताही.
२. मुलाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आणि चालू आहे का, बँकेत जाऊन तपासा. नसेल तर मंजूर पैसेही अडकतात.
३. खोलीचा भाडेकरार जपून ठेवा.
४. अर्जाची प्रिंट काढा, शेवटच्या तारखेची वाट बघू नका.

अर्ज अडला तर आदिवासी विद्यार्थ्यांनी नाशिक किंवा कळवणच्या प्रकल्प कार्यालयात, बाकीच्यांनी आपापल्या विभागाच्या जिल्हा कार्यालयात चौकशी करावी. गावात कोणाचं पोर यंदा नाशिकला निघालं असेल, तर ही माहिती त्यांच्यापर्यंत पोहोचवा.