खांद्यावरचं जोखड

इमोलाचा ट्रॅक म्हटलं की फॉर्म्युला वनचा आयर्टन सेन्ना आठवतो. १ मे १९९४ च्या रविवारी, शर्यतीच्या सातव्या फेरीत, टॅम्बुरेलोच्या वळणावर त्याची विल्यम्स गाडी थेट भिंतीवर आदळली आणि तो गेला. त्याच्या ब्राझीलने तीन दिवस दुखवटा पाळला. आदल्या दिवशी त्याच ट्रॅकवर जीव गमावलेला रोलंड रॅट्झेनबर्गर मात्र बहुतेक लेखांत एका वाक्यात उरकला जातो. मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो.

साल्झबुर्गचा हा तेहतीस वर्षांचा ऑस्ट्रियन सिमटेक नावाच्या नवख्या, गरीब संघाकडून पात्रता फेरीत उतरला होता. आधीच्या फेरीत गाडी ट्रॅकबाहेर गेली आणि पुढचा पंख दुखावला असावा. तरी त्याने आणखी एक फेरी मारायचं ठरवलं. ताशी तीनशे किलोमीटरच्या पुढच्या वेगात पंख तुटला. मग स्टिअरिंग हाती असून नसल्यासारखं. रविवारी ग्रिडवरची सव्विसावी जागा रिकामी ठेवली गेली.

त्याचा जीव घेतला तो कवटीच्या तळाशी झालेल्या फ्रॅक्चरने. एसटीने करकचून ब्रेक मारला की झोपलेल्याची मान पुढे फेकली जाते, त्याचीच ही भयंकर आवृत्ती. चालकाचं धड पट्ट्यांनी सीटला जखडलेलं असतं, पण हेल्मेटसकट डोकं मोकळं. धड थांबतं, डोकं थांबत नाही, आणि सगळा ताण मानेवर येतो. म्हणजे जे पट्टे वाचवतात, तेच या दुखापतीला हातभार लावतात.

गंमत म्हणावी की दुर्दैव, यावर उपाय तेव्हा निघालेला होता. १९८१ मध्ये एका चाचणीत रेसर पॅट्रिक जॅकमार अशाच दुखापतीने गेला. त्याचा मित्र, अमेरिकन रेसर जिम डाउनिंग, आपल्या मेहुण्याकडे गेला. हा मेहुणा, रॉबर्ट हबर्ड, मिशिगन स्टेट विद्यापीठात बायोमेकॅनिक्सचा प्राध्यापक होता. दोघांनी बनवलं ते बैलाच्या जोखडासारखं काहीतरी: खांद्यांवर बसणारी, पट्ट्यांखाली दाबली जाणारी एक कडक कॉलर, आणि तिला हेल्मेट बांधणारे दोन बंद. धडासोबत डोकंही थांबतं, इतकंच. नाव पडलं ‘हान्स’.

पण ते बोजड होतं. फॉर्म्युला वनच्या चिंचोळ्या कॉकपिटमध्ये मावायचं नाही. इमोलानंतर मर्सिडीजच्या मदतीने ते लहान करण्यात आलं, आणि २००३ मध्ये सक्तीचं झालं. रॅट्झेनबर्गर जाऊन तोवर नऊ वर्षं झाली होती. तेव्हाही चालक कुरकुरलेच: टोचतं, खांदे दुखतात. ज्याच्या खांद्यावर ते बसतं त्याची ही तक्रार मला खोटी वाटत नाही. पण मान काय सोसते हे त्याला आधी जाणवत नाही, हीच अडचण.

‘हेलो’चंही तेच झालं. कॉकपिटवरची टायटॅनियमची ही कमान २०१८ मध्ये आली, तेव्हा ‘गाडी विद्रूप झाली’ म्हणून ओरड झाली. विरोधकांत चालक रोमाँ ग्रोजाँही होता. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये त्याची हास गाडी लोखंडी कठड्यात घुसली, दुभंगली, पेटली. धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ६७ पट होता. अर्ध्या मिनिटाच्या आत तो भाजलेल्या हातांनी ज्वाळांतून बाहेर आला.

जगाने पाहिली ती कठडा बाजूला सारणारी कमान. पण एवढा धक्का बसूनही हा माणूस शुद्धीवर होता, पट्टे सोडवू शकला, मान वळवून वाट शोधू शकला. आग विझल्यावर काढलेल्या फोटोंत काळी पडलेली कमान ठळक दिसते. मान सांभाळणारं हान्सचं जोखड कुणी शोधलंही नाही.