सरकारी ताब्यातील माल आणि नुकसानभरपाई

सरकारने जप्त केलेला माल त्याच्याच ताब्यात असताना नाहीसा झाला, तर भरपाई कोणी द्यावी? शिंदे की छावनीतील प्रत्येक व्यापारीबंधूने हा प्रश्न जाणून घेणे हिताचे आहे.

सन १९४७ मध्ये अमृतसरच्या कस्तुरीलाल रलियाराम जैन या पेढीचे शंभर तोळ्यांहून अधिक सोने मेरठच्या पोलिसांनी ताब्यात घेतले. मालखान्यावरील हवालदाराने ते लांबविले. पोलिसांची हयगय सर्वोच्च न्यायालयाने १९६४ साली मान्य केली; तथापि अटक व जप्ती ही सार्वभौम कृत्ये ठरवून भरपाई नाकारली. मुख्य न्यायमूर्ती गजेंद्रगडकर यांनी याविषयी कायदा व्हावा, असे सुचविले. तसा सर्वंकष कायदा अद्यापि झालेला नाही. मात्र १९९४ साली नागेंद्र राव प्रकरणी, जप्त केलेले खत दिरंगाईने निकामी झाल्याबद्दल त्याच न्यायालयाने सरकारला जबाबदार धरले.

म्हणून जप्तीच्या वेळी पंचनाम्याची नक्कल व मालाच्या वजनासह पावती अवश्य घ्यावी. राज्य सरकारवर दावा लावण्यापूर्वी दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८० अन्वये सचिव किंवा जिल्हाधिकारी यांस लेखी नोटीस देऊन दोन महिने थांबावे लागते. नोटिशीत नाव, पत्ता, दाव्याचे कारण व मागणी स्पष्ट असावी. तातडीच्या प्रसंगी न्यायालयाच्या परवानगीने नोटिशीविना दावा लावता येतो.

न्याय मागणाऱ्याचा पहिला साक्षीदार त्याची चोख वहीच होय.