पडण्याचे शिक्षण

शीण आणि ताण हे दोन शब्द हल्ली आपण एकाच अर्थाने वापरू लागलो आहोत. वस्तुतः त्यांत मोठे अंतर आहे. दिवसभर नांगरामागे चाललेल्या शेतकऱ्याला किंवा ओझी वाहणाऱ्या हमालाला येतो तो शीण. रात्री पाठ टेकली की तो पुष्कळसा उतरतो. ताणाची गोष्ट निराळी आहे. ज्याने दिवसभर खुर्ची सोडलेली नाही, त्याला रात्री झोप लागत नाही. आणि ज्याचे शरीर थकलेलेच नाही, त्याला विश्रांतीने विसावा मिळत नाही. शिक्षक, कारकून, बँकेतील कर्मचारी, परीक्षेच्या छायेत वावरणारा विद्यार्थी या पांढरपेशा वर्गाचे खरे दुखणे हे आहे. त्यावर उपाय म्हणून विश्रांतीचा सल्ला सर्रास दिला जातो. परंतु या वर्गाला गरज आहे ती योग्य प्रकारच्या श्रमाची, हे क्वचितच सांगितले जाते.

या दृष्टीने पनवेलजवळच्या कामोठे वसाहतीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण तालुक्यांतील ९५ गावांच्या जमिनींवर नवे शहर वसविण्याचा संकल्प सोडण्यात आला. कामोठ्याच्या शेतजमिनीही त्यात गेल्या. १९९८ मध्ये बेलापूर-पनवेल मार्गावर उपनगरी गाड्या धावू लागल्या, तशी भाताच्या खाचरांच्या जागी इमारतींची दाटी झाली. २०१६ मध्ये पनवेल महानगरपालिका अस्तित्वात आली आणि कामोठे तिच्या हद्दीत समाविष्ट झाले. मुंबईतील घरांच्या किमती ज्यांना झेपल्या नाहीत, आणि घाटावरचे गाव ज्यांना नोकरीसाठी सोडावे लागले, अशा मध्यमवर्गीयांनी ही वसाहत भरली आहे.

येथला नोकरदार सकाळी मानसरोवर स्थानकावर गाडी धरतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला पोहोचायला त्याला सव्वा तासाच्या आसपास वेळ लागतो. जाऊन येऊन दिवसाचे अडीच तास आणि आठवड्याचे सहा दिवस धरले, तर पंधरा तास केवळ प्रवासात जातात. म्हणजे कामाचे जवळजवळ दोन दिवस तो विनामोबदला रेल्वेच्या डब्यात उभा असतो. अर्थशास्त्राच्या पुस्तकांत घराची किंमत चौरस फुटांत मोजतात. दूरच्या घराच्या स्वस्ताईतला काही भाग अशा तासांनी फेडावा लागतो, आणि त्याची नोंद कोणत्याही खतावणीत होत नाही.

शरीर आणि संकट

ताण म्हणजे केवळ मनाचा खेळ, अशी एक समजूत आहे. ती बरोबर नाही. संकट समोर दिसताच अॅड्रेनॅलिन, कॉर्टिसॉल यांसारखी संप्रेरके रक्तात उतरतात. हृदयाचे ठोके वाढतात, स्नायू आवळले जातात, श्वास उथळ होतो. शत्रूशी झुंजावे किंवा पळ काढावा, यासाठी निसर्गाने केलेली ही तरतूद आहे. परंतु वरिष्ठांचा अपमानास्पद शब्द, गर्दीतला धक्का, गृहकर्जाचा हप्ता, मुलाच्या प्रवेशाची चिंता यांच्याशी झुंजताही येत नाही आणि त्यांच्यापासून पळताही येत नाही. तरतूद रोज होते, पण खर्च होत नाही. मान आखडते, पित्त वाढते, रक्तदाब चढतो आणि घरात पाऊल टाकताच क्षुल्लक कारणावरून बायकामुलांवर आवाज चढतो.

व्यायामाने हा साचलेला ताण हलका होतो, याविषयी वैद्यकशास्त्रात आता फारसा मतभेद उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये प्रौढांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांत आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि किमान दोन दिवस स्नायूंना बळ देणारा व्यायाम सुचविला आहे. चालणे, धावणे, सूर्यनमस्कार हे सर्व उत्तमच. तथापि, पाय चालत असताना मन कचेरीतच घुटमळत राहते, हा अनुभव अनेकांचा आहे. मनालाही कामाला जुंपणारा व्यायाम हवा असेल, तर ज्युदोचा विचार करण्यासारखा आहे.

एका शिक्षकाची निर्मिती

ज्युदोचे जनक जिगोरो कानो हे पेशाने शिक्षक होते. १८६० मध्ये जन्मलेला हा विद्यार्थी अंगाने किरकोळ होता आणि दांडग्या सोबत्यांकडून त्याला त्रास सोसावा लागे. म्हणून तो जुजुत्सू ही जुनी विद्या शिकू लागला. तोक्यो विद्यापीठात त्याने राज्यशास्त्र आणि अर्थशास्त्र यांचे अध्ययन केले. १८८२ मध्ये, वयाच्या बाविसाव्या वर्षी, त्याने एइशोजी या बौद्ध मंदिरातील बारा चटयांच्या जागेत नऊ शिष्यांसह ‘कोदोकान’ ही संस्था काढली. जुन्या विद्येतील जीवघेणे प्रकार त्याने सरावातून वगळले, पडण्याचे पद्धतशीर शिक्षण पुढे आणले आणि युद्धविद्येचे रूपांतर शिक्षणात केले. पुढे अनेक वर्षे कानो तोक्योच्या शिक्षक-प्रशिक्षण महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९०९ मध्ये ते आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीचे पहिले आशियाई सदस्य झाले. १९६४ च्या तोक्यो ऑलिंपिकमध्ये ज्युदोचा समावेश झाला, तो पाहण्यास मात्र ते हयात नव्हते. १९३८ मध्येच त्यांचे निधन झाले होते.

कानोंनी आपल्या विद्येचे सार दोन सूत्रांत सांगितले. ‘सेइर्योकु झेन्यो’ म्हणजे शक्तीचा सर्वोत्तम विनियोग, आणि ‘जिता क्योएई’ म्हणजे स्वतःचा व इतरांचा परस्परांच्या साह्याने उत्कर्ष. पहिल्या सूत्रात अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याचा हात स्पष्ट दिसतो. प्रतिस्पर्धी ढकलू लागला, तर त्याच्या ढकलण्यालाच वाट करून द्यायची, त्याचा तोल गेला की त्या क्षणी अल्प बळाने त्याला फेकायचे. सगळीकडे ताकद लावत बसणारा माणूस येथे दोन मिनिटांत दमतो. नवशिक्या प्रौढाला पहिल्या आठवड्यातच समजते की आपले खांदे विनाकारण आवळलेले आहेत आणि आपण श्वास रोखून धरला आहे. हीच सवय तो कचेरीतही बाळगत असतो.

ही विद्या आपल्या देशाला अगदीच अपरिचित नाही. रवींद्रनाथांच्या निमंत्रणावरून १९२९ मध्ये शिंझो ताकागाकी हे कोदोकानचे शिक्षक शांतिनिकेतनात आले होते आणि तेथे मुलींनीही ज्युदोचे धडे घेतले. महाराष्ट्राच्या मातीला तर कुस्ती नवी नाही. १९५२ मध्ये हेलसिंकीला स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक मिळविणारे खाशाबा जाधव कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे. तालमीतला माणूस ज्युदो पाहील तर खांद्यावरून होणाऱ्या फेकीत त्याला धोबीपछाड दिसेल. फरक आहे तो प्रवेशाच्या दारात. तालमीत पोराने दहाव्या-बाराव्या वर्षी उतरावे अशी रीत आहे. चाळिशीतल्या मास्तरांनी लंगोट कसून तांबड्या मातीत उतरावे, अशी सोय तेथे सहसा नसते. ज्युदोत मात्र नवशिक्याला, त्याचे वय काहीही असो, पांढरा पट्टा मिळतो. शिकाऊ असण्याचा अधिकार तेथे मान्य केलेला आहे.

आणि शिकायचे काय? आधी पडायचे. मागे पडताना हनुवटी छातीशी टेकवायची, म्हणजे डोके आपटत नाही. हात चटईवर सपाट आपटायचा, म्हणजे धक्का एका जागी न बसता विखुरतो. पुढे पडताना खांद्यावरून गोल लोळण घ्यायची. पहिले कित्येक आठवडे हेच चालते. प्रतिष्ठा जपण्यात ज्याचे आयुष्य गेले, अशा प्रौढाला चारचौघांत पडणे सुरुवातीला अवघड जाते. शंभर वेळा पडून शंभर वेळा उठल्यावर पडण्याची भीती पुष्कळशी ओसरते. ज्याची भीती शरीरातून गेली त्याचा धाक मनावरही कमी राहतो.

ज्युदो एकट्याने करता येत नाही, हाही त्याचा गुण आहे. सरावापूर्वी आणि सरावानंतर जोडीदाराला वाकून नमस्कार करावा लागतो. पकड असह्य झाली तर हाताने दोनदा थोपटायचे, की समोरचा तत्क्षणी सोडतो. ‘आता पुरे’ असे निःसंकोचपणे सांगण्याची आणि ते ऐकले जाण्याची सोय कचेरीत किती जणांना असते? चटईवर अधिकारी आणि शिपाई एकाच पांढऱ्या पोशाखात असतात आणि प्रत्येकाचे अंग दुसऱ्याच्या हाती विश्वासाने सोपविलेले असते. शेजाऱ्याचे नावही ठाऊक नसलेल्या नव्या वसाहतींत या विश्वासाचे मोल मोठे आहे.

आक्षेप आणि खबरदारी

हे सर्व मान्य करूनही धोक्याकडे डोळेझाक करता येणार नाही. खुद्द जपानमध्ये १९८३ ते २०११ या काळात शाळांतून ज्युदो शिकताना शंभराहून अधिक विद्यार्थी दगावले. त्यांत डोक्याला झालेल्या इजा प्रमुख होत्या आणि नवशिक्यांचे प्रमाण मोठे होते. पडण्याचे शिक्षण पुरे होण्याआधी मागे पाडणारे डाव त्यांच्यावर केले गेले, हे एक मोठे कारण होते. दोष विद्येचा कमी आणि शिकविण्याच्या घाईचा अधिक, हे त्यातून दिसते. फ्रान्सने १९५५ मध्येच कायदा करून ज्युदो शिकविण्यासाठी शासकीय पदविका आवश्यक केली. आज तेथे ज्युदोच्या नोंदणीकृत सभासदांची संख्या पाच लाखांच्या घरात आहे. विस्तार आणि शिस्त यांत विरोध नाही, हे त्या देशाने दाखवून दिले.

म्हणून चाळिशीतल्या नवशिक्याने काही पथ्ये पाळलीच पाहिजेत. रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे किंवा गुडघ्याचे दुखणे, हाडांचा ठिसूळपणा यांपैकी काही असेल, तर वैद्याचा सल्ला आधी घ्यावा. सिमेंटच्या फरशीवर पातळ सतरंजी अंथरून ज्युदो शिकविणाऱ्याकडे पाऊल टाकू नये. पहिले दोन-तीन महिने मुक्त झुंजीत उतरू नये. डोक्याला मार लागला तर तो अंगावर काढू नये. आणि ज्याची झोप, भूक व जगण्याची इच्छाच मावळली आहे, त्याला ज्युदोच्या वर्गात पाठविण्याआधी मानसोपचारतज्ज्ञाकडे न्यावे. व्यायाम हा औषधाला साह्य करतो, त्याची जागा घेत नाही.

स्त्रियांनी हे करावे काय, असा प्रश्न अजूनही विचारला जातो. कोदोकानने १९२६ मध्येच स्त्रियांचा स्वतंत्र विभाग काढला होता आणि १९९२ च्या बार्सिलोना ऑलिंपिकपासून स्त्रियांना ज्युदोत पदके मिळू लागली. २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये दृष्टिबाधित कपिल परमार यांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा दृष्टी नसणेही या विद्येत अडसर ठरत नाही हे भारताने पाहिले. नोकरी आणि स्वयंपाकघर अशा दोन पाळ्या करणाऱ्या गृहिणीला तर या तासाची गरज नवऱ्याहून अधिक आहे. तिला तो तास मिळायचा, तर घरातील कामाची वाटणी बदलावी लागेल.

खर्चाचे काय?

वेळ नाही, पैसा नाही, ही दोन उत्तरे ठरलेली असतात. आठवड्याचे तास १६८. त्यांपैकी दीड-दीड तासाचे दोन वर्ग म्हणजे तीन तास, दोन टक्क्यांहूनही कमी. पैशाचा प्रश्न अधिक खरा आहे. पोशाख एकदा घेतला की वर्षानुवर्षे टिकतो. महाग पडतात त्या चटया आणि जागा. हा खर्च एकट्यादुकट्याच्या आवाक्यातला नाही आणि म्हणूनच तो सामुदायिक रीतीने उचलावा लागतो. सिडकोच्या वसाहतींत शाळांना सामाजिक उपयोगासाठी सवलतीच्या दराने भूखंड दिले गेले आहेत. संध्याकाळी या शाळांची सभागृहे कुलूपबंद असतात. गुंतलेले भांडवल रोज निम्मा दिवस पडून राहावे, ही चैन गरीब समाजाला परवडणारी नाही. महापालिकेने चटयांचा एक संच द्यावा, शाळेने आठवड्यातून दोन रात्री आणि रविवारची सकाळ सभागृह द्यावे, शिकणाऱ्यांनी प्रशिक्षकाचे मानधन वर्गणीतून उभारावे, इतकी साधी ही योजना आहे. अशा वसाहतींत मुलांच्या कराटे वर्गांचे फलक जागोजागी दिसतात. त्या मुलांना आणायला गेलेले आईबाप बाहेर ताटकळत उभे असतात. त्यांनाही आत घेण्याची वेळ आली आहे.

एक धोका शेवटी सांगितला पाहिजे. गर्दी, अपुरे पाणी, कंत्राटी नोकरीची अनिश्चितता, न संपणारे हप्ते ही ताणाची कारणे माणसाच्या स्नायूंत नसून व्यवस्थेत आहेत. व्यायामाचा उपदेश करून ती कारणे झाकणे हा अन्याय होईल. ढकलणारा हात तसाच ठेवून लोकांना केवळ नीट पडायला शिकवावे, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. कानोंचे दुसरे सूत्र विसरून पहिलेच तेवढे आचरले, तर ज्युदो ही सहनशक्तीची शाळा होऊन बसेल. परंतु ज्याला झोप नाही, ज्याचा श्वास कोंडला आहे, जो शेजाऱ्याला ओळखत नाही, तो माणूस व्यवस्थेशी तरी कसा झगडणार? जादा गाडीची मागणी करायलाही अंगात बळ आणि सोबतीला चार माणसे लागतात. आठवड्यातले तीन तास चटईवर घालविणाऱ्यांना निदान या दोन गोष्टी लाभतील, आणि कामोठ्यासारख्या वसाहतीला आज त्यांचीच वाण आहे.