जुन्या अंकांतून बांधलेले दोन अंक

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेमुळे मला दोन महिने कामातून बाजूला व्हावं लागणार होतं. आमचं मासिक लहान, उस्मानपुऱ्यातल्या घराच्या पुढच्या खोलीतून निघतं. पण वर्गणी आधीच घेतलेली असते आणि पोस्टाच्या सवलतीच्या दरात अंक जायचा तर तो नेमल्या तारखेलाच पोस्टात पडावा लागतो. तेव्हा जून आणि जुलैचे अंक जुन्या मजकुरातून आधीच बांधून ठेवायचं ठरलं.

यात कमीपणा काहीच नाही. टाळेबंदीत चित्रीकरणं थांबली तेव्हा, २८ मार्च २०२० पासून, दूरदर्शनने १९८७ची ‘रामायण’ मालिका पुन्हा लावली आणि नव्या पिढीनेही ती पाहिली. बालभारतीचं ‘किशोर’ १९७१ पासून निघतं. त्याच्या जुन्या अंकांतल्या वेच्यांचे ‘निवडक किशोर’चे खंड निघाले. प्रश्न फक्त निवडीचा असतो. पानं भरायची म्हणून हाताला लागेल तो लेख उचलला की वाचकाला ते पहिल्या परिच्छेदातच कळतं.

आधी कपाटातले बांधीव अंक काढले. जे छापीलच होते ते नव्याने टंकायला दिले. त्यानंतरच्या अंकांच्या संगणकावरच्या फायली होत्या, पण त्या श्रीलिपीत. नव्या संगणकावर उघडल्या तर पडद्यावर नुसती रोमन अक्षरं आणि चिन्हं. युनिकोडमध्ये रूपांतर केलं, तरी रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसलेले आणि पहिल्या वेलांट्या चुकीच्या जागी. ‘वर्ष’, ‘दुर्मीळ’, ‘मार्ग’ असा प्रत्येक शब्द मूळ छापील पानाशी ताडून पाहावा लागतो. एक जण मोठ्याने वाचतो, दुसरा पडद्यावर बोट ठेवून बघतो. दुसरा मार्ग मला तरी सापडलेला नाही.

सगळ्यात जास्त वेळ गेला तो आमच्या शहराच्या पाण्यावरच्या एका लेखात. त्यातला मलिक अंबरच्या नहरींचा भाग आजही जसाच्या तसा चालतो. पण पुढे जायकवाडीहून येणाऱ्या ७०० आणि १४०० मिलिमीटर व्यासाच्या दोन जलवाहिन्यांचा हिशेब होता, आणि त्यानंतर २५०० मिलिमीटर व्यासाची नवी वाहिनी टाकायला घेतली गेली. लेखकाचं वाक्य गुपचूप बदलणं मला मान्य नाही. तो लेख त्या वर्षीचा आहे, तो तसाच राहायला हवा. म्हणून मजकूर तसाच ठेवून चौकटीत नवी माहिती दिली आणि लेखाच्या डोक्यावर, तळाशी बारीक अक्षरांत नव्हे, पूर्वप्रसिद्धीचा महिना आणि वर्ष छापलं. शहराचं नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे बदललं. लेखात औरंगाबाद होतं, ते तसंच ठेवलं.

नाटकांवरच्या सदरात वेगळीच अडचण आली. संत एकनाथ रंगमंदिरातल्या एका प्रयोगाचं परीक्षण आजही वाचावंसं वाटतं, पण त्यात ‘परवा’, ‘यंदा’, ‘येत्या रविवारी पुन्हा प्रयोग’ असं जागोजागी होतं. पहिले दोन शब्द वरच्या तारखेमुळे उलगडतात. रविवारचं वाक्य मात्र गाळलं आणि गाळल्याची खूण ठेवली. नाहीतर एखादा वाचक खरंच नाट्यगृहाच्या दारात जाऊन उभा राहायचा.

परवानगीचं काम कंटाळवाणं, पण टाळण्यासारखं नाही. लेख एकदा आपल्याकडे छापला म्हणून तो आपला होत नाही. लेखकाच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं हक्क वारसांकडे असतो. दोन दिवंगत लेखकांच्या घरी फोन केले. एका घरी मुलीला वडिलांनी असं काही लिहिलं होतं हेच ठाऊक नव्हतं. तिने मानधनाऐवजी अंकाच्या दहा प्रती मागितल्या. आम्ही दोन्ही पाठवलं.

क्रम लावताना ऋतू बघितला. मृगाच्या पेरणीवरचा लेख जूनमध्ये, आषाढी वारीवरचा जुलैमध्ये. उन्हाळ्यातल्या वाळवणांचा कितीही चांगला असला तरी बाजूला ठेवला. आणि दोन्ही अंकांत वाचकांच्या पत्रांचं पान कोरं सोडलं. ते पान माझे सहकारी त्या-त्या महिन्यात आलेल्या पत्रांतून भरणार. जूनचा अंक हातात पडल्यावर पाण्याच्या लेखात दुरुस्ती सुचवणारं पत्र आलं, तर जुलैत ते सगळ्यात वर छापायचं, असं त्यांना लिहून दिलं आहे.