जुन्या मोटारींच्या काचेभोंवतालची पट्टी : ती सोडविण्याची रीत व तिच्याखालील पुरावा

या त्रैमासिकांत ताम्रपट, बखरी व दप्तरें यांचा विचार नेहमींच होतो. मोटारगाडीचा विचार करण्याचा प्रसंग विरळा. परंतु गतवर्षीं एका स्नेह्यांच्या आग्रहावरून त्यांच्या वडिलांची फियाट अकराशें डिलाइट ही गाडी तपासण्याचा योग आम्हांस आला. आणि जो प्रश्न कागदांवरून सुटत नव्हता तो समोरील काचेभोंवतीं बसविलेली धातूची पट्टी काढतांच सुटला. ही पट्टी काढतांना आमच्या हातून एक चूकही झाली. दोन्ही गोष्टी अभ्यासकांच्या उपयोगीं पडतील असें वाटल्यावरून हें टिपण लिहीत आहों.

प्रथम गाडीविषयीं. वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिचा कारखाना मुंबईस कुर्ला येथें उभा राहिला. इटलीच्या फियाट कंपनीशीं झालेल्या करारान्वयें तेथें ज्या गाड्या निघाल्या त्यांत १९६४ पासूनची अकराशें डिलाइट ही प्रमुख होय. १९७४ पासून तीच 'प्रीमियर पद्मिनी' झाली, आणि काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपानें ऑक्टोबर २०२३ पर्यंत मुंबईच्या रस्त्यांवर दिसत होती. जी वस्तु काल हजारोंनीं होती ती आज साधन म्हणून जपावी लागेल, हें आपल्याकडे बहुधा उशिरां ध्यानांत येतें.

वाद होता रंगाचा. केंद्र शासनाच्या २०२१ सालच्या नियमांप्रमाणें पन्नास वर्षांहून जुनें, मूळ रूपांत राखलेलें व मोठा फेरफार न केलेलें वाहन 'व्हिंटेज' म्हणून नोंदतां येतें. आमच्या स्नेह्यांस गाडी मूळ रूपांत आणावयाची होती. पण मूळ रूप कोणतें? आज गाडी गडद निळी आहे. नोंदणीचें पहिलें पुस्तक गहाळ झालेलें. दुय्यम प्रतींत 'निळा' असाच शब्द आहे, परंतु ती प्रत गाडी पुन्हां रंगविल्यानंतरची. घरांतील वडीलधाऱ्यांच्या स्मरणाप्रमाणें गाडी पांढरी. म्हणजे लेखी पुरावा उत्तरकालीन आणि तोंडी पुरावा त्याच्या विरुद्ध, अशी नेहमींची अडचण.

येथें काच कशी बसविलेली असते हें सांगणें अवश्य आहे. या वर्गाच्या गाड्यांत काचेच्या कडेभोंवतीं जाड रबराची चौकट असते. तिच्या आंतील खांचेंत काच व बाहेरील खांचेंत पत्र्याची कड बसते. आणि दर्शनी बाजूस तिसरी एक उथळ खांच असून तींत चकचकीत पट्टी दाबून बसविलेली असते. गॅरेजांतील कारागीर तिला 'बीडिंग' म्हणतात. पट्टी बहुधा दोन तुकड्यांची असून सांध्यावर लहानशी टोपी असते. पट्टीस खिळा नाहीं, स्क्रू नाहीं. रबराचे दोन ओंठच तिला धरून ठेवितात. गाडी पुन्हां रंगवितांना सामान्य कारागीर काच काढीत नाहीं, रबराच्या कडेस कागद चिकटवून वरचेवर फवारा मारतो. म्हणून रबराच्या ओंठाखालीं झांकलेला पत्रा पहिल्या रंगासह तसाच राहण्याचा संभव फार असतो.

तेव्हां काच काढणें प्राप्त झालें, आणि तत्पूर्वीं पट्टी. चूक येथें झाली. सांध्यावरील टोपी सरकविली, एक टोंक सुटून वर आलें, आणि सोबतच्या कारागिरानें व आम्हीं मिळून तें टोंक धरून पट्टी ओढली. सरळ भाग सहज निघाला. डाव्या वरच्या कोपऱ्यावर मात्र रबरानें सोडलें नाहीं, आणि पट्टी तेथेंच मुरडून तींत घडी पडली. ॲल्युमिनियमचा हा दोष आहे कीं वांकविल्यावर तें त्या जागीं कठीण होतें. पुन्हां सरळ करूं जावें तर अधिकच कठीण होतें, आणि अशा दोन-चार फेऱ्यांत तडकतें. तशी मूळ पट्टी आतां सहजासहजीं मिळत नाहीं. नवें रबर मात्र मिळतें. हा भेद आम्हीं आधीं ध्यानांत घेतला असता तर नुकसान टळलें असतें.

दुसरा तुकडा त्याच भेदावर दृष्टि ठेवून काढला. रबर साठ वर्षांचें, उन्हानें काष्ठवत् झालेलें; तें वांचविण्यांत अर्थ नव्हता. म्हणून बारीक व धारदार पात्यानें रबराचा बाहेरील ओंठ पट्टीच्या कडेनें कापीत गेलों. पात्याचा कल रबराकडे ठेविला, रंगाकडे किंवा काचेकडे नाहीं, आणि एका वेळीं वीतभरच कापलें. ओंठ सुटला कीं पट्टी आपोआप खांचेंत सैल होते. ओढावी लागत नाहीं. कोपऱ्याच्या दोन्ही बाजू मोकळ्या केल्यावरच कोपरा उचलला, आणि सर्व वेळ दुसऱ्या माणसानें पट्टीस खालून आधार दिला. या तुकड्यावर एकही ओरखडा आला नाहीं.

रबर अद्याप मऊ असून राखावयाचें असेल तर रीत निराळी. कोमट पाण्यांत बुडविलेलीं फडकीं रबरावर कांहीं वेळ ठेवावीं, साबणाचें पाणी खांचेंत सोडावें, आणि लांकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या बोथट पाचरीनें ओंठ दुमडीत जावें. लोखंडी स्क्रू-ड्रायव्हर या कामांत अगदीं वर्ज्य समजावा. त्याचा ओरखडा पट्टीवर उमटतो हें तर झालेंच. परंतु काच कणखर केलेली असेल तर कडेवरील एका टोल्यानें ती सबंध कणाकणांनीं कोसळते, आणि दोन पापुद्र्यांची असेल तर कडेपासून तडा धांवतो.

पट्टी कोणत्या धातूची आहे हें आधीं पाहावें. लोहचुंबक घट्ट चिकटला तर पोलाद. झिजलेल्या कडेस पिवळसर झांक दिसली तर पितळ. वजनास अगदीं हलकी असेल तर ॲल्युमिनियम. स्टेनलेस पोलादाचा पोंचा आंतून ठोकून काढतां येतो व वर झिलई देतां येते. ॲल्युमिनियमवर पुष्कळदां विजेच्या योगानें आणलेला कठीण थर असतो. त्यास कॉस्टिक सोडा किंवा घासण्याची पूड लावली तर तो थरच नष्ट होतो. 

याहून जुन्या, म्हणजे जनरल मोटर्सनें १९२८ पासून मुंबईस शिवडी येथें जोडणी केलेल्या पहिल्या गाड्यांसारख्या वाहनांत सपाट काच धातूच्या चौकटींत असते, व तेथें झगडा गंजलेल्या स्क्रूंशीं. त्यांस तेल पाजून धीर धरावा. १९६० नंतरच्या कित्येक अमेरिकन गाड्यांत पट्टी पोलादी चिमट्यांनीं धरलेली असते. काच व पट्टी यांमध्यें चपटें आंकडेदार हत्यार घालून एकेक चिमटा चांचपीत सोडवावा लागतो.

आतां पुराव्याकडे वळूं. पट्टी व काच निघाल्यावर पत्र्याच्या कडेवर फिकट राखी रंग मिळाला. पांढरा नव्हे, निळाही नव्हे. तेवढ्यावर निर्णय देणें आम्हांस धोक्याचें वाटलें, कारण काच पूर्वीं एकदां काढलेली असूं शकते. म्हणून धारेवर तिरपें घासून थर पाहिले : राखी रंगाखालीं कारखान्यांतील अस्तर व त्याखालीं पत्रा, मध्यें दुसरा रंग नाहीं. सामानाच्या कप्प्यांतील अस्तराआड पाहिलें, तेथेंही तोच राखी. दोन स्वतंत्र जागांची साक्ष जुळल्यानंतरच तो मूळ रंग मानला. वडीलधाऱ्यांची 'पांढरी' गाडी ती हीच. उन्हांत व स्मरणांत राखी रंग पांढरा होणें अशक्य नाहीं. एक बोटभर जागा न रंगवितां तशीच ठेवावी, अशी आम्हीं विनंती केली व ती मान्य झाली.

काम सुरू करण्यापूर्वीं सर्व बाजूंचीं छायाचित्रें घ्यावीं, तुकड्यांस आंतून 'डावा', 'उजवा' अशा चिठ्ठ्या बांधाव्या, आणि पट्टी खिळ्यास टांगून न ठेवतां फळीवर तिच्या वळणाप्रमाणें खुंट्या ठोकून त्यांत निजवावी. नवें रबर घेतांना त्यास पट्टीची खांच आहे ना हें पाहून घ्यावें. बिनखांचेचें रबरही बाजारांत असतें, आणि तें बसविल्यावर पट्टीस जागाच उरत नाहीं. आमच्या स्नेह्यांच्या गाडीवर दोन्ही तुकडे पुन्हां चढले आहेत. डाव्या कोपऱ्यावरील घडी लांकडी हातोडीनें थोडी बसविली. पुरी सरळ करण्याचें मात्र टाळलें, व ती कोणी, केव्हां व कशी पाडली हें गाडीच्या कागदांत लिहून ठेविलें आहे.